मांडवात न बोललेलं वाक्य

दत्तू, तुझ्या लग्नाच्या दिवशी भरतीची वेळ मी चुकीची काढली.

एवढं एक वाक्य तुझ्या तोंडावर म्हणायला मला नऊ वर्षं जमलं नाही. दर वेळी मी त्याला शेपूट लावायचो. कधी खानावळीच्या कॅलेंडरचं, कधी एस.टी.च्या ड्रायव्हरचं, काहीच सुचलं नाही तर नशिबाचं. आता तू ऐकायला नाहीस, तर बघ कसं बिनशेपटाचं बाहेर पडलं. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतास, "गजा, पूर्णविराम सापडला म्हणायचा तुला." छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाशी दोस्ती केली की बोलण्यातही मुद्रणदोष निघतात.

तुला सांगायची गरज नाही, पण हे इतरही वाचतील म्हणून आपल्या माझगावच्या खोलीबद्दल सांगतो. ती तुझी नव्हती, माझी नव्हती, गावाची होती. गावातून नोकरीला येणारा प्रत्येक जण पहिली वळकटी तिथंच टाकायचा. आपल्या वेळी आपण नऊ जण होतो. माणशी एक खुंटी आणि एक ट्रंक मावेल एवढी जमीन. झोपायची जागा ज्येष्ठतेनं मिळायची. जुन्यांना भिंत, मधल्यांना मध्य आणि नवख्याला उंबरा, म्हणजे मोरीकडे जाणारा प्रत्येक जण त्याच्या पोटरीवर पाय देऊन जाणार. मी आलो तेव्हा तू नुकताच भिंतीला पोचला होतास. तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, "तू भिंतीला जा. झोपेत बडबडतोस, उंबऱ्यावर बडबडलास तर चाळीत आपली अब्रू जाईल." मला राग आला. मला ताप भरला होता, हे मला सकाळी कळलं. पुढं सहा महिने उंबऱ्यावर तू झोपलास, आणि मी ती जागा माझ्या हुशारीनं मिळवली असं नवीन पोरांना सांगत राहिलो.

त्या खोलीचा एकच नियम पक्का होता. बायको आणायची नाही. लग्न झालेल्याची बायको गावी, आणि तो शिमग्याला आणि गणपतीला गावी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तुला वाटायचं. तू कधी बोलला नाहीस, पण खोलीतला एखादा लग्न झालेला शाईच्या पेन्सिलीनं घरी पत्र लिहायला बसला की तू उठून गॅलरीत जायचास.

तरी तुझ्यासाठी मुलगी बघायला मला बरोबर नेण्याची चूक तू केलीस. तेवढी चूक तुझी. मुलीचे वडील खाडीपलीकडचे वाडीवाले नाना. चाळीस-पन्नास माड, थोड्या पोफळी, बोलणं कमी. अडकित्त्यात सुपारी धरून त्यांनी विचारलं, "मुंबैला ऱ्हाता कुठं?" तू तोंड उघडलंस. पण तू शब्दसुद्धा खिळ्यासारखा पेटीतल्या घरातून शोधून, उलटा-सुलटा बघून, मग काढणारा. तेवढ्या वेळात मी पोचलो.

"स्वतंत्र खोली आहे," मी म्हणालो. "गॅलरी आहे. गॅलरीतून समुद्र दिसतो."

नानांचा अडकित्ता थांबला. "समुद्र?"

"अगदी समोर."

समोर पलीकडच्या चाळीतले लंगोट वाळत असायचे, हे तुला माहीत, मला माहीत. परत येताना होडीत तू आधी काठ दूर जाऊ दिलास. मग म्हणालास, "समुद्र कशाला घातलास? खोलीवर भागलं असतं." मला हसू फुटलं, तुला नाही. "मी पत्र लिहून खरं कळवतो," तू म्हणालास. मी म्हणालो, "आधी होकार येऊ दे." होकार आला. मग मी म्हणालो, "आता कळवशील तर मोडेल." दोन्ही वेळा तू माझं ऐकलंस. आयुष्यात इतक्या वेळा माझं ऐकणारा दुसरा माणूस मला भेटला नाही, आणि माझं ऐकून इतक्या वेळा अडचणीत आलेलाही नाही.

आता तो दिवस. मुहूर्त दुपारी तीनला दहा कमी. लग्नसराईत साऱ्या मुंबईच्या पत्रिका तुमच्या छापखान्यात, त्यामुळं लग्नपत्रिका जुळवणाऱ्यालाच लग्नाला रजा नाही. मिळाली ती दोन दिवसांची. वऱ्हाड आधीच मुलीच्या गावी जाऊन बसलेलं, हळदसुद्धा लग्नाच्याच दिवशी उरकायची ठरलेली, आणि नवरदेवाला मुंबईहून सुखरूप आणण्याची जबाबदारी माझी. नानांचं पत्र आलं होतं: "सकाळी नवाच्या आत खाडीवर पोचा. मग पाणी जातं." म्हणजे आदल्या संध्याकाळची लाँच पकडून अलिबागला कुणाकडे तरी टेकायला हवं होतं.

मी म्हणालो, "म्हाताऱ्याचा हिशेब चुकला. सकाळची लाँच धरू, निवांत जाऊ."

आपल्याकडे शेंबडं पोरही भरतीची वेळ काढतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी खानावळीत जेवता जेवता भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे बघितलं. तृतीया. लग्न परवा, म्हणजे पंचमी. पंचमीला पावणेचारची भरती. बारा वाजता पाणी चढतं असणार, होडी मजेत चालणार. हा हिशेब मी बोटांवर करून दाखवला आणि वर म्हणालो, "गोदीच्या पेढीत कारकून आहे मी, पाणी मला शिकवू नका." पेढीत मी फक्त कागद बघायचो. पाणी बघायला तिथं खिडकीच नव्हती.

खानावळीची मावशी चार दिवस बहिणीकडे गेली होती, आणि कॅलेंडरची पानं तिच्याशिवाय कुणी फाडत नसे. आम्ही चाळीस जण रोज दोन वेळा त्या तृतीयेसमोर बसून जेवलो. मुंबईत तिथी कुणाला लागते?

सव्वाबाराला आपण खाडीवर पोचलो. खाडी नव्हती. गाळ होता. या काठापासून त्या काठापर्यंत काळा, चकाकता गाळ, मध्ये पाण्याची एक पट्टी आणि अलीकडे कुशीवर कलंडलेली होडी. तिच्या सावलीत म्हातारा होडीवाला पाय पसरून बसला होता.

"काका, होडी?"

"पानी कुठं हाय?" त्यानं डोळेही पुरते उघडले नाहीत. "साडेतीनाला येल."

"साडेतीन कसे? आज पंचमी ना?"

"नवमी," म्हातारा म्हणाला. मग तुझ्या मुंडावळ्यांचं पुडकं बघून उठून बसला. "नवरदेव का तुमी? आरं देवा. पलीकडं सकालधरनं वाट बघतान."

मी खिशातून तुझी पत्रिका काढली. पंधरा दिवस ती माझ्या खिशात होती. वैशाख शुद्ध नवमी. मोठ्या, ठळक खिळ्यांत. नवमीला भरती पावणेसातला, म्हणजे दुपारी बाराला नुसता गाळ. माझा तोल गेला तो इथं, दत्तू, गाळात नंतर. कारण ते अक्षर न् अक्षर तू स्वतःच्या बोटांनी जुळवलं होतंस. तू प्रूफ तपासलं होतंस. मी खानावळीत पंचमी पंचमी करून नाचत होतो तेव्हा तू समोर बसून आमटी ओरपत होतास.

"दत्त्या, तुला माहीत होतं?"

तू ट्रंकेवर बसलास. पलीकडून ताशा ऐकू येत होता. माडांखाली मांडवाचं पांढरं कापड दिसत होतं, माणसं काठावर येऊन डोळ्यांवर हात धरून बघत होती. तू विडी पेटवलीस आणि सावकाश म्हणालास, "गजा, परत जाऊ."

"काय?"

"तिला ठेवू कुठं? नऊ वळकट्यांच्या मध्ये? आणि समुद्र कुठून आणू?"

पावणेएक झाला होता. परत जायचं म्हणजे पलीकडे ती मुलगी हळदीच्या पाटावर बसून राहणार, आणि तिच्यावर तो डाग जन्मभर. पुढं जायचं म्हणजे तिला माझ्या थापेत नेऊन सोडायचं. मधे तू, आणि तू माझ्याकडे बघतही नव्हतास. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

"मी सांगतो," मी म्हणालो. "मांडवात, अंतरपाट धरायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगतो. खोली गावाची, नऊ जण राहतात, समुद्र नाही, थाप माझी. मग त्यांना द्यायची तर देऊ देत मुलगी, नाहीतर मला मारू देत."

"सांगशील?"

"आईशप्पथ."

तू विडी विझवलीस, धोतर खोचलंस, आणि उतरलास. होडीवाला म्हणाला, "लाल काठीच्या उजवीकडनं जा, डावीकडं गेला तर कंबरेपातूर." मी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढं झालो, तुला वाट दाखवायला, आणि दहाव्या पावलाला डावीकडं गेलो. मांडीपर्यंत रुतलो. तू मला बगलेत धरून उपसलंस. पुढं पुन्हा रुतलो, पुन्हा उपसलंस. कालवांच्या शिंपांनी तुझा तळवा फाटला. तू खाली बघितलंस आणि चालत राहिलास. मधल्या पाण्यात ट्रंक माझ्या डोक्यावर आणि मी तुझ्या खांद्यावर असा प्रवास झाला. पलीकडे ताशेवाल्यांना वाटलं ही मुंबईची काही पद्धत असेल, ते आणखी जोरात वाजवू लागले. नवरदेव मी आणला, असं मी पुढं शंभर ठिकाणी सांगितलं. कोणी कोणाला आणलं, हे पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं.

विहिरीवर तुझ्यावर घागरी ओतल्या. गाळ पुरता निघायच्या आत हळद लागली. मला कुणी पाणी दिलं नाही. मी तसाच, कंबरेपर्यंत काळा, मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि मनात वाक्य घोकत राहिलो. खोली गावाची, थाप माझी. खोली गावाची, थाप माझी.

तू पाटावर उभा राहिलास. भटजींनी अंतरपाट उलगडला. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्यात धाक नव्हता, विनवणी नव्हती. पत्रिकेतली एखादी ओळ कच्ची राहिलीय आणि ती आता सुधारता येईल, असं ते बघणं होतं. मी खांब सोडला. दोन पावलं पुढं टाकली. तेवढ्यात नाना अक्षतांचं तबक घेऊन आडवे आले, माझ्या गाळानं भरलेल्या मुठीत अक्षता घातल्या आणि म्हणाले, "मुंबैकर, तुमच्या शब्दावर पोरगी देतोय हो. एकदा येनार हाय समुद्र बघायला."

आणि मी म्हणालो, "या की."

दत्तू, मी "या की" म्हणालो. मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्या. त्यांतल्या निम्म्या हाताला चिकटून बसल्या. तू पुन्हा माझ्याकडे बघितलं नाहीस.

पुढचं तुझ्या बाजूनं काय झालं ते मला ठाऊक नाही. माझ्या बाजूनं एवढंच, की सुमतीवहिनी तीन वर्षं गावी राहिल्या आणि तू भिंतीशी पाठ लावून शाईच्या पेन्सिलीनं पत्रं लिहायला लागलास. तू लिहायला बसलास की मी उठून गॅलरीत जायचो. तीन वर्षं मी खोली शोधली. तू म्हणायचास, "तुझं बिऱ्हाड नाही, लग्न नाही, तू का पायपीट करतोस?" मी म्हणायचो, "व्यायाम." गिरगाव, परळ, शीव, कुठं म्हणून हिंडायचं राहिलं नाही. सुटीच्या दिवशी लोकांच्या दारात उभं राहून "जागा आहे का" विचारताना मला कुणी भिकारी समजलं, कुणी पोलीस. शेवटी कुर्ल्याला एक खोली मिळाली, पत्र्याची, पण तुमची. सामान मीच वाहिलं. वहिनींनी दारातून समोरचा नाला बघितला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भावोजी, समुद्र कंच्या बाजूला?" माझ्या हातून पाटा निसटला. त्याच्या कोपऱ्याचा टवका अजून उडालेला आहे. तू खो खो हसलास. मला वाटलं, नव्या घराच्या आनंदात हसतोयस.

त्यानंतर तुमच्या घरी काहीही काम निघालं की मी हजर. रेशनच्या रांगेत मी. पत्रा गळला की वर मी, आणि एकदा पत्र्यातून खाली मी. मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी तीन खेपा मी. आणि या सगळ्याच्या मोबदल्यात तू मला काय दिलंस? दर वेळी चहाचा कप पुढं करत तेच: "गजा, मांडवात तुझ्या जिभेला झालं तरी काय होतं?" मी उलट विचारायचो, "आणि नवमी जुळवताना तुझ्या बोटांना काय झालं होतं?" तू म्हणायचास, "आधी तू सांग." मी म्हणायचो, "आधी तू." नऊ वर्षं आपण या भांडणावर काढली. खरं तर मला दुसरं काही विचारायचं होतं. तू तिथी चुकवू दिलीस ती परत फिरायला कारण मिळावं म्हणून, की मला पेचात धरून माझ्याकडून ते वाक्य वदवून घ्यावं म्हणून? दोन्हींत मला तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून मी कधी पुरतं विचारलं नाही.

शेवटच्या भेटीत विचारणार होतो. इस्पितळात मी तुझ्या खाटेशी स्टूल ओढलं, तुझी बोटं हातात घेतली. त्या बोटांना शाई नव्हती, हे मला सहन होईना. मी म्हणालो, "दत्त्या, आता तरी." तू हसलास, त्या हसण्यानं ढास लागली, ढास थांबेना, आणि मला बाहेर घालवलं. म्हणजे शेवटच्या भेटीतही तुला त्रास दिला तो मीच.

परवा तुझे तेरा दिवस संपले. वहिनी मुलीला घेऊन काही दिवस माहेरी, खाडीपलीकडे, गेल्यात. मी गेलो. दोन वेळा विचारून, नीट पाणी बघून गेलो, आता काय उपयोग. ओटीवर वहिनी सुपल्यातले वाल निवडत होत्या. नाना तिघा-चौघांबरोबर मागे वाडीत होते. मी ठरवून आलो होतो. बसायच्याही आधी बोललो, नाहीतर पुन्हा "या की" निघालं असतं.

"वहिनी, स्वतंत्र खोलीची थाप माझी होती. दत्तूची नव्हती. तो खरं कळवणार होता, मी कळवू दिलं नाही. मांडवात सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. तुमची तीन वर्षं माझ्यामुळं गेली."

त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला.

"ठाऊक हाय," म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी खोली सांगून गेलात, आन् आठ दिसांत बाबांनी मामाला मुंबैला धाडला. नारळ इकायच्या निमित्तानं तुमच्या खोलीवर येऊन गेला त्यो. नऊ खुंट्या मोजून आला. पानी तुमीच दिलंत त्याला."

मला एक नारळवाला अंधुक आठवला. मी त्यालाही गॅलरीतून समुद्र दाखवण्याच्या गप्पा मारल्या होत्या की काय, कोण जाणे.

"मग मुलगी कशी दिली?" मी विचारलं.

"थाप तुमी मारलीत आन् कान ह्यांचे लाल झाले. ते बघून बाबा म्हनले, पोरगा खोटं बोलनारा न्हाय, देऊ. तुमच्या शब्दावर कोन पोरगी देईल, भावोजी?"

वाडीतून नानांचं खोकणं ऐकू आलं. मी खांबाला धरून खाली बसलो. दत्तू, माझ्या डोक्यात आता एकच गोष्ट राहिली होती.

"आणि हे दत्तूला..."

"लग्नाच्या दुसऱ्याच दिसाला सांगितलं मी ह्यांना. लई हसले."

"नऊ वर्षं!" मी ओरडलोच. "नऊ वर्षं मला त्यानं टांगून ठेवलं? पाटा वाहिला मी, पत्र्यातून पडलो मी! एका शब्दानं सांगितलं का नाही?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. तुझ्या जाण्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि ते रडणंही होतं. मग सुपलं पाखडत त्या म्हणाल्या, "मी म्हनलं व्हतं ह्यांना, सांगून टाका बिचाऱ्याला. तर म्हनले, अजाबात न्हाय. मनात बोचतंय तवर गजा कामाला येतो, न्हायतर त्यो नुसता बडबडतो."